पाइप थंड होईपर्यंत

हातातलं काम संपलं की आमचे हे बोटीवर जायला निघतात.

कुठली बोट, कुठला कप्तान, काही विचारू नका. रिटायर होऊन वीस वर्षं होत आली. पण काम संपलं की उठतात, अंगात सदरा असो नसो, पायात चपला असोत नसोत, आणि चिऱ्याच्या पायऱ्या उतरून खाडीच्या दिशेने चालू लागतात. मी मागून हाका मारत धावते. सत्तरी उलटलेल्या बाईने त्या पायऱ्यांवरून धावायचं म्हणजे दोघांत आधी कोण पडतं एवढंच बघायचं. गेल्या पावसाळ्यात तर धक्क्याच्या पलीकडे मांड्यांपर्यंत चिखलात रुतून उभे होते आणि भरती चढत होती. शेजारचा काशीराम होडी घेऊन परतत होता, त्याला दिसले म्हणून वाचले. तो बिचारा यांना ओढून काढत होता आणि हे त्यालाच दम देत होते, "लाँच आणायला एवढा उशीर कसा झाला रे?"

आमचा मुलगा दर्शन लगेच मुंबईहून आला. दोन दिवस राहिला आणि निघायच्या आधी चहा पिताना म्हणाला, "आई, परत एकदा असं झालं तर बाबांना मी तिकडे ठेवणार. पनवेलच्या पुढे अशा माणसांसाठी एक जागा आहे. मी बघून आलोय."

"कुलूप लावतात काय रे थयं?"

"काळजी घेतात गं."

म्हणजे कुलूप लावतात. मी काय ते समजले. ज्या माणसाने अर्धं जग पाण्यावरून पालथं घातलं, त्याला पनवेलच्या पुढे एका खोलीत कोंडायचं. मी दर्शनला नाही नाही ते बोलले. पण मुलगा वाईट नाही, आणि त्याचं म्हणणं चूकही नाही, म्हणूनच माझा संताप संताप झाला. बापाला मी सांभाळू शकत असेन तरच बाप घरात राहणार, इतकी सरळ गोष्ट होती ती.

सांभाळायचं म्हणजे यांच्या हाताला काम द्यायचं. तांदूळ निवडायला दिले, तर ताट उचलून कोंबड्यांपुढे ओतलं. जाळं विणायला दिलं, तर म्हणाले हे काम माझं नव्हे. यांचे हात एकाच कामाला राजी आहेत. पाइप साफ करणं.

हे बोटीवर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. पण अगदी पहिल्या बोटीवर, मिसरूड फुटायच्या वयात, यांना कप्तानाची केबिन झाडायचं काम होतं, आणि त्यातच त्याचे पाइप साफ करायचे. लाकडी, तंबाखू भरून ओढायचे. उतरताना त्या कप्तानाने खूश होऊन त्यातलाच एक यांना दिला. झालं! आमच्या पूर्णगडातली बाकीची माणसं बिडी ओढतात, आमचे हे पाइप ओढू लागले. पुढे बंदरा-बंदरातून आणखी तीन जमवले. लग्न होऊन मी आले तेव्हा सासूबाईंच्या पाया पडायच्या आधी मला तो वास आला होता आणि मी पदर नाकाला लावला होता. मी त्याला पाइप म्हटलंच नाही कधी. चिलीम म्हणायची. सुट्टीवर आले की पहिल्या दिवसापासून आमचं सुरू. घरात ओढायची नाही, पडवीत नाही, परसात तर मुळीच नाही. ओढायची तर बाहेर खळ्यात जाऊन, वारा समुद्राकडे वाहत असेल तेव्हा. हे हसायचे आणि ऐकायचे. कधीकधी माझी पाठ फिरली की मागच्या दारी ओढायचे आणि मी नाकाने पकडायची. मग मी जो शिमगा करायची तो पार खालच्या आळीत ऐकू जायचा.

माझ्या चाळीस वर्षांच्या बोंबलण्याने जे झालं नाही, ते रत्नागिरीच्या डॉक्टरच्या एका वाक्याने झालं. छातीत दुखलं, डॉक्टर म्हणाले तंबाखू बंद, आणि यांनी त्याच दिवशी बंद केली. पण पाइप टाकले नाहीत. म्हणाले, "लाकूड हाय गो ते. आपल्या हवेत बुरशी धरंल." आठवड्यातून एकदा पडवीत वर्तमानपत्र पसरून बसायचे. दांडी फिरवून सोडवायची, कापूस गुंडाळलेली तार रममध्ये बुडवून दांडीतून घालायची, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत परत परत. पाइपाच्या वाटीत, म्हणजे तंबाखू भरतात त्या खळगीत, जाडं मीठ भरायचं, वर रमचे थेंब, दुसऱ्या दिवशी ते मीठ चहासारखं तांबडं झालेलं असायचं. वास ओढून घेतं म्हणे. शेवटी वाटी नाकाच्या बाजूला घासून चमकवायची. नाकाचं तेल लाकडाला सगळ्यात चांगलं! मला किळस यायची. पण काम देखणं होतं, ते मी मनातल्या मनात मान्य करायची.

त्या कामात एक नियम होता, आणि तो हे येईल त्याला ऐकवायचे. वाटीच्या आत जळून जळून काळा थर धरतो. तो थर म्हणजे पाइपाचा जीव. तो रुपयाच्या नाण्याएवढा जाड ठेवायचा. जास्त वाढला तर वाटी तडकते म्हणून बोथट सुरीने हळूच खरवडायचा, पण सगळा काढायचा नाही कधी. काढला तर लाकूड उघडं पडतं.

हे सगळं यांच्या डोक्यात होतं. आता डोकं गेलं आणि हात राहिले.

आणि सारंगाच्या हाताला दुसरीच सवय. बोटीला गंज धरतो. सारंगाचा जन्म जातो तो गंज खरवडण्यात. अगदी नागडं लोखंड दिसेपर्यंत खरवडायचा, मगच रंग. हे सुट्टीवर आले की आमच्या फाटकाच्या कड्यासुद्धा तशा खरवडून काढायचे. आता पाइप हातात घेतला की डोकं सांगायला नाही, "पुरे." हात आपले खरवडत राहतात. काळं दिसलं की गंज. सकाळी चारही पाइप साफ करून ठेवले की दुपारी त्यांना ठाऊकच नसतं की साफ केलेत. परत चारही घेऊन बसतात.

सुरुवातीला मला बरं वाटलं. काम संपत नव्हतं, माणूस घरात होता. मी निवांत भाकऱ्या भाजत होते. मग एक दिवस वर्तमानपत्र झटकताना बघितलं, तर काळा भुगा नाही. तांबूस. लाकडाचा भुसा. मी पाइप उजेडात धरून आत बोट घातलं. आत काळं असं काही उरलंच नव्हतं.

मी सुरी लपवली, तर हे दिवसभर घरभर शोधत फिरले आणि संध्याकाळी बोटीवर निघाले. सुरी परत दिली. दुसरं काय करणार होते?

या वर्षी आषाढात वाकड्या पाइपाला भोक पडलं. तोच, कप्तानाने दिलेला. हे खरवडता खरवडता थांबले. वाटीच्या कुशीतून सुरीचं टोक बाहेर आलं होतं. यांनी त्यावर अंगठा ठेवला, उचलला, परत ठेवला. आणि एकदम उठून उभे राहिले. "पाणी येतंय! पंप लावा, पंप!" मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत अंगण ओलांडून पायऱ्यांवर. पाऊस ओतत होता. मी आणि काशीरामची बायको चिमा, दोघींनी मिळून त्यांना धक्क्याच्या अलीकडे गाठलं. ते रडत होते. माणसं बुडतील म्हणून रडत होते. मी त्यांचा हात धरून तिथेच पावसात उभी राहिले आणि म्हटलं, "पंप लावला हो. चालू झाला. उतरतंय पाणी." मग शांत झाले.

"दर्शनला कळवू नको हां चिमे," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू?" चिमा म्हणाली. "पण यमुनाकाकी, असं किती दिवस चालवशील गो?"

माझ्याकडे तीन पाइप उरले होते आणि तिन्हींच्या भिंती पातळ झाल्या होत्या.

मी माझी अक्कल चालवली. काळा थर नाही ना, मग आपणच देऊ. न्हाणीच्या चुलीची काजळी काढली, काकवीत कालवली आणि तिन्ही वाट्यांना आतून लिंपली, वाळवली. मला वाटलं मोठा तीर मारला. सकाळी पडवीत हे पाइप घेऊन बसले आणि पाठोपाठ मुंग्यांची रांग आली. यांनी वाटीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हाताखालच्या नव्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "काम चोरायचं नाय. परत कर." आणि पाइप माझ्या हातात दिले. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

गणपतीला दर्शन आला. मी नुसतं म्हटलं होतं की पाइप झिजलेत, तर त्याने कुठून तरी नवा मागवून आणला. चकचकीत, डबीत घातलेला. यांनी तो हातात घेऊन फिरवला, आत डोकावून बघितलं आणि बाजूला ठेवून दिला. "यात कायच नाय. कोरा हाय." बरोबरच होतं. ज्यात घाण नाही ते साफ काय करायचं?

विसर्जनाच्या दिवशी गणपती खाडीवर नेले, हेही बरोबर होते. मूर्ती होडीत चढली तसे हे पण चढायला निघाले. दर्शनने मागून कमरेला मिठी घातली, तरी त्याला फरफटत चार पावलं नेलं. सगळ्या गावाने बघितलं. गाडीत बॅग ठेवताना दर्शन म्हणाला, "दिवाळीला येतो. तेव्हा त्यांना घेऊनच जाईन आई. तू आता मधे पडू नको." त्याचे डोळे लाल होते. मी नेहमीसारखी तोंड सोडणार होते, पण नुसता लाडवांचा डबा त्याच्या बॅगेवर ठेवला.

तो गेला आणि मी ट्रंक उघडली.

तळाशी यांचा तंबाखूचा डबा होता. डॉक्टरने बंद केल्यावर मीच तिथे दडवला होता. का टाकला नव्हता कोण जाणे. तंबाखू चहाच्या पत्तीसारखा खडखडीत वाळला होता. असा वाळला की हे पूर्वी काय करायचे ते मला ठाऊक होतं. बटाट्याची एक फोड डब्यात टाकून झाकण लावलं. दोन दिवसांनी तंबाखू मऊ झाला. वाटीत परत काळा थर धरावा म्हणून काशीरामला ओढायला सांगून बघितलं असतं, पण त्याने बिडीसारखे झुरके मारून वाटी जाळली असती आणि संध्याकाळपर्यंत गावभर बोंब केली असती ती वेगळीच.

दुपारी हे झोपले की मी मागच्या दारी जायची, नारळाच्या सोडणांच्या ढिगामागे पायरीवर बसायची. भरायचं कसं तेही पाठ होतं, चाळीस वर्षं डोळ्यासमोर बघितलेलं. पहिली चिमूट पोराच्या हाताने दाबायची, दुसरी बायकोच्या हाताने, तिसरी सारंगाच्या हाताने. हे असं म्हणायचे आणि दुसरीच्या वेळी माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. पहिल्या दिवशी मी इतकी खोकले की डोळ्यांपुढे अंधारी आली. उलटी झाली. तोंड धुऊन परत पेटवला. ज्या वासावरून मी उभा जन्म यांच्याशी भांडले, तो माझ्या पदराला, केसांना यायला लागला. चिमा कुंपणावरून म्हणाली, "कसला गो वास?" मी म्हटलं, "सोडणं ओली हायत, धुमसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी पाइप उघडला, तार आत घातली, आणि ती काळी कुळकुळीत बाहेर आली. यांचा चेहरा मी बघितला. कित्येक महिन्यांत तसा बघितला नव्हता. सरसावून बसले. तास दीड तास मान वर केली नाही. मग रागावले.

"कोण ओढतो हा पाइप? नुसती थुकी भरलेय! बिडी हाय काय ही?"

"कप्तानसाहेब ओढतात," मी म्हटलं.

"साबला सांग, धीरे खींचने का. घाई नाय करायची. लाकूड तापतं."

"सांगते."

मग रोजच माझी हजेरी. आज ओला, आज नीट भरलेला नाही, आज अर्धाच जळला. मी दुपारी यांचं ऐकून हळू ओढायला शिकले. जीभ भाजायची थांबली. एकदा म्हणाले, "आता साबला जमला." मला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. खरं सांगायचं तर दुपारची मी वाट बघू लागले होते. तंबाखूसाठी नव्हे. तो धूर वर गेला की वाटायचं, हे सुट्टीवर आलेत, पलीकडे खळ्यात उभे आहेत, आता मी ओरडेन आणि हे हसतील.

पण सुरी थांबत नव्हती. मी दुपारी जेवढं चढवायची तेवढं सकाळी उतरायचं, आणि वर चिमूटभर लाकूड. तीनपैकी एक तडकला. डब्यातला तंबाखू तळाला गेला. दिवाळी तोंडावर आली. मी हिशोब मांडायचं सोडून दिलं होतं. दर्शन आला की बाप पडवीत शांत बसलेला दिसावा, तेवढे दिवस निभावले तरी पुष्कळ.

काल दुपारी मी पायरीवर बसून पाइप पेटवला. ऊन होतं, वारा पडला होता, धूर जागच्या जागी तरंगत होता. मागे दार कुरकुरलं. बघते तर हे उभे. झोपेतून उठलेले, एका हाताने लुंगी सावरत. माझ्या तोंडात पाइप.

चोरी पकडल्यावर माणसाचं काय होतं ते मला काल कळलं. मला वाटलं, आता ओळखतील. आता म्हणतील, "काय गो यमुने, चिलीम ओढतंस?" आणि हसतील, आणि सगळ्या जन्माचं उट्टं काढतील. देवाशपथ, काढावं असं मला वाटत होतं. मी पाइप तोंडातून काढलासुद्धा नाही.

यांनी इकडे तिकडे बघितलं. मग दोन पायऱ्या खाली उतरून माझ्याजवळ वाकले आणि हळू आवाजात, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "बाई, हितं नका ओढू. आमच्या मंडळींना वास चालत नाय. ती आली तर माझ्या नावानं शिमगा करील."

मी पाइप खाली घेतला.

"कुठं गेलेय ती?" मी विचारलं.

"पाण्याला गेलेय, विहिरीवर. येईल इतक्यात." विहीर बुजवली त्याला वर्षं लोटली. "तोंडाळ हाय," ते म्हणाले, "पण बरी हाय."

हे माझ्या तोंडावर कधी बोलले नव्हते.

मी पाइप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही. बोटांची मागची बाजू वाटीला लावून बघितली आणि मान हलवली. "गरम हाय. गरम असताना दांडी फिरवली तर मोडते. थंड होऊ दे, मग मी साफ करून ठेवतो. तिला कळायचा नाय."

आणि ते माझ्या शेजारी पायरीवर बसले, थोडं अंतर राखून, परक्या बाईजवळ बसावं तसे. एक डोळा विहिरीच्या वाटेवर होता. बोटीवर नाही निघाले. मग आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, पाइप थंड व्हायची आणि मी यायची वाट बघत.